श्वासाचा हिशोब

मालवणला जाऊन बुडी मारून आलेला मुलगा हॉस्टेलवर परतला की त्याचे पुढचे दोन दिवस एकाच कामात जातात. मास्क, फिन्स, रेग्युलेटर यांच्या किमती बघणे आणि उसासे टाकणे! मीही त्यातलाच. मेसचं बिल, फी आणि झेरॉक्सवाल्याची उधारी वजा जाता जे काही उरतं, त्यात पहिलं सामान कोणतं घ्यायचं? नवं की सेकंड हॅण्ड? काय विकत आणि काय भाड्याने? ह्या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता मी एका माणसाच्या आयुष्यात जाऊन अडकलो. तो म्हणजे झाक-ईव्ह कूस्तो.

आज पाठीवर सिलिंडर बांधून पाण्यात उतरणारा माणूस ज्या यंत्रातून श्वास घेतो, त्याच्या मुळाशी कूस्तो आणि त्याचा इंजिनिअर साथीदार एमिल गान्यां यांचं १९४३ सालचं काम आहे. गंमत म्हणजे कूस्तोने सुरुवात केली तेव्हा हे सामान मिळेल असं धड दुकानसुद्धा नव्हतं. जे होतं ते नौदलातल्या तरुण अधिकाऱ्याच्या पगारात बसवायचं, उरलेलं स्वतः बनवायचं. त्याने काटकसर कुठे केली आणि कुठे केली नाही, हे पाहिलं की आपली यादी आपोआप तयार होते.

कूस्तोचा जन्म ११ जून १९१० चा, फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळच्या सेंत-आंद्रे-द-क्युब्झाक ह्या छोट्या गावातला. वडील वकील, पण नोकरी श्रीमंत अमेरिकन उद्योजकांचे सेक्रेटरी म्हणून. त्यामुळे बिऱ्हाड सतत पाठीवर. पोरगा तब्येतीने नाजूक. दहा वर्षांचा असताना काही काळ हे कुटुंब न्यूयॉर्कला होतं आणि तिथून त्याला उन्हाळी शिबिरासाठी व्हरमाँटमधल्या एका तळ्यावर पाठवलं गेलं. तिथल्या मास्तरांनी शिक्षा म्हणून त्याला तळ्याच्या तळाशी अडकलेल्या फांद्या काढायला लावलं. शिक्षा कसली, पोराला तेच आवडलं! डोळे उघडे ठेवून, श्वास रोखून तो पुन्हा पुन्हा खाली जायला लागला.

अभ्यासात मात्र आनंदीआनंद. शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या म्हणून त्याला काढून टाकलं आणि त्याची रवानगी आल्सास भागातल्या एका कडक बोर्डिंग शाळेत झाली. (हॉस्टेलवाल्यांनो, धीर धरा, आपली परंपरा मोठी आहे.) तिथे तो सुधारला आणि १९३० साली ब्रेस्टच्या नौदल अकादमीत दाखल झाला. आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्याला समुद्राच्या तळाशी जायचंच नव्हतं. त्याला व्हायचं होतं वैमानिक!

१९३६ साली वडिलांची स्पोर्ट्स कार चालवताना रात्री भीषण अपघात झाला. दोन्ही हात मोडले, एक हात तर लुळाच पडला. वैमानिक होण्याचं स्वप्न तिथेच संपलं. कित्येक महिने बोटं हलवण्याच्या व्यायामात गेले. मग बदली झाली भूमध्य समुद्राच्या काठावर, तुलाँ बंदरात. तिथे फिलिप तायिये नावाच्या सहकारी अधिकाऱ्याने त्याला सल्ला दिला की रोज समुद्रात पोह, हातात जोर येईल. आणि पाण्यात डोळ्यांना मीठ लागू नये म्हणून एक गॉगल दिला.

मित्रांनो, कूस्तोचं पहिलं डायव्हिंग गिअर म्हणजे हा गॉगल. बस्स, एवढंच! तो घालून त्याने तुलाँजवळच्या किनाऱ्यावर पाण्यात डोकं घातलं आणि खाली खडकांवरचं हिरवं-करडं जंगल, मासे, सगळं लख्ख दिसलं. डोकं वर काढलं तर रस्त्यावर ट्रॉली आणि दिव्याचे खांब. दोन जगांमध्ये फक्त एका काचेचं अंतर. त्या दिवशी त्याचं करिअर ठरलं.

इथे आपल्या यादीतली पहिली वस्तू आली. पण तंत्र समजून घेऊ. पाण्यात दर दहा मीटरला दाब साधारण एक बारने वाढतो, हे आपल्याला फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्याच युनिटमध्ये सांगतात. पोहण्याच्या गॉगलमधली हवा कोंडलेली असते. खाली जाल तशी ती आकसते आणि गॉगल डोळे ओढायला लागतो. आत हवा सोडायला मार्ग नाही. त्यामुळे लवकरच एकाच काचेचा, नाक आत घेणारा मास्क आला, कारण मग नाकातून थोडी हवा सोडली की दाब सारखा होतो. म्हणून आजही पोहण्याच्या गॉगलवर बुडी मारायची नाही. मास्क घेताना ब्रँड बघण्यापेक्षा एक फुकटची परीक्षा करा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हळूच श्वास ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर दुकानदार काहीही सांगो, तो दुसऱ्याचा.

१९३७ साली कूस्तोचं सिमोन मेल्किओरशी लग्न झालं. ह्या सिमोनला विसरू नका, ती पुढे परत येणार आहे. पुढच्या वर्षी तायियेला फ्रेदेरिक द्यूमा हा अट्टल पोहणारा आणि भाल्याने मासे मारणारा तरुण भेटला आणि तिघांची टोळी जमली. त्यांचं सामान ऐका. पायात रबरी फिन्स, ज्यांचं पेटंट लुई द कोर्लिय ह्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९३३ मध्ये घेतलं होतं. हे विकत. तोंडात श्वासाची नळी, ती मात्र बागेला पाणी घालायच्या रबरी पाइपचा तुकडा कापून केलेली. हे घरगुती. थंडीसाठी रबरी कापडाचे सूट, तेही स्वतः चिकटवून बनवलेले. थोडक्यात, जिथे चूक झाली तर फक्त नाकातोंडात खारं पाणी जाईल, तिथे ह्या लोकांनी बिनधास्त जुगाड केलं.

पण मग जुगाड श्वासापर्यंत पोचलं. श्वास रोखून किती वेळ खाली राहणार? मिनिट, दोन मिनिटं. कूस्तोने आपल्या जहाजावरच्या शस्त्रकारागिराकडून एक ऑक्सिजनचं यंत्र बनवून घेतलं. त्यात काय होतं? गॅस मास्कचा डबा, ऑक्सिजनची छोटी बाटली आणि मोटरसायकलच्या ट्यूबचा तुकडा! सोडलेला श्वास सोडालाइममधून गाळून पुन्हा वापरायचा, अशी कल्पना. हे घालून तो सुमारे १४ मीटर खाली गेला आणि त्याला झटके आले. शुद्ध हरपता हरपता कसाबसा वर आला. १९३९ मध्ये सुधारित यंत्र घेऊन पुन्हा उतरला. पुन्हा झटके. यंत्रात बिघाड नव्हता. शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटरच्या खाली शरीराला विषारी ठरू लागतो, हे ज्ञान तेव्हा पक्कं नव्हतं. नंतर वरून पंपाने हवा पुरवणारी नळी वापरून पाहिली, तर १२ मीटरवर ती नळीच फुटली. घसा आवळून धरला म्हणून वाचला. तीन प्रयोग, तीनदा मरणाच्या दारात.

दरम्यान दुसरं महायुद्ध सुरू झालं. फ्रान्स हरला, अर्धा देश जर्मनांच्या ताब्यात. अशा काळात ह्या टोळीने पाण्याखाली सिनेमा काढला! जुना स्वस्तातला कॅमेरा मिळवला. नौदलातल्या एका मेकॅनिकने त्याला जलरोधक पेटी करून दिली. सिनेमाची रिळं मिळेनात, म्हणून फोटोच्या कॅमेऱ्याचे छोटे रोल विकत घेऊन अंधाऱ्या खोलीत एकमेकांना जोडले. १९४२ मध्ये चित्रित झालेल्या त्या फिल्मचं नावच होतं 'अठरा मीटर खोलीवर'. सगळी दृश्यं श्वास रोखून घेतलेली. आपल्या प्रोजेक्टला लॅबमध्ये एक रेझिस्टर मिळाला नाही म्हणून रडणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे वाचून जरा गप्प बसावं.

डिसेंबर १९४२ मध्ये कूस्तो पॅरिसला गेला. सिमोनचे वडील नौदलातून एर लिकीद ह्या औद्योगिक वायू बनवणाऱ्या कंपनीत गेले होते. त्या ओळखीतून त्याची गाठ पडली एमिल गान्यांशी. कूस्तोने मागणी मांडली. मला अशी झडप हवी, जी मी श्वास ओढला की हवा देईल, थांबलो की बंद होईल आणि खोली कितीही असो, हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबानेच देईल. गान्यांने टेबलावर एक छोटी वस्तू ठेवली. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी गॅसवर चालवाव्या लागत होत्या आणि त्या गॅसचा पुरवठा नियंत्रित करायला गान्यांने हा रेग्युलेटर बनवला होता. पेट्रोलटंचाईतून निघालेला भाग समुद्राच्या कामी आला.

आता मेकॅनिकलवाल्यांनी इकडे लक्ष द्या. पठ्ठ्यांनी केलं काय, तर एक लवचिक पडदा घेतला. त्याच्या एका बाजूला समुद्राचं पाणी, दुसऱ्या बाजूला तोंडाकडे जाणारी हवा. श्वास ओढला की हवेच्या बाजूचा दाब घटतो, पडदा आत वाकतो, तरफ दाबली जाते आणि सिलिंडरची झडप उघडते. दाब सारखा झाला की पडदा जागेवर, झडप बंद. ना मोटर, ना वीज.

पहिली चाचणी पॅरिसजवळ मार्न नदीत झाली. आडवं पोहताना यंत्र झकास चाललं. उभं राहिलं तर हवा फुकट बाहेर उसळायला लागली आणि डोकं खाली केलं तर श्वासच ओढवेना! कारण सापडलं ते वायवात विचारण्यासारखं आहे. हवा आत देणारा पडदा पाठीवर आणि उच्छ्वास बाहेर सोडणारी झडप तोंडाजवळ. दोघांच्या पातळीत सुमारे १५ सेंटीमीटरचा फरक. म्हणजे १५ सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब. एवढ्याशा फरकाने यंत्र निकामी. उपायही तितकाच साधा. उच्छ्वासाची झडप पडद्याशेजारी नेली. म्हणून जुन्या फोटोंत तोंडाच्या दोन्ही बाजूंनी दोन नळ्या पाठीकडे गेलेल्या दिसतात.

जून १९४३. दक्षिण फ्रान्समधल्या बांदोल स्टेशनवर पॅरिसहून लाकडी खोका आला. तीन सिलिंडर आणि रेग्युलेटर, वजन सुमारे २३ किलो. किनाऱ्यावर द्यूमा तयारीत बसला, काही झालं तर उडी मारायला. सिमोन मास्क लावून पृष्ठभागावर पोहत वरून नजर ठेवून होती. आणि कूस्तो पाण्यात शिरला. वर-खाली, आडवा, कोलांट्या, सगळं करून पाहिलं. हवा अगदी मागेल तेव्हा, मागेल तेवढी. तो १८ मीटरपर्यंत गेला. आजही नवशिक्यांच्या पहिल्या सर्टिफिकेटला खोलीची मर्यादा १८ मीटरच असते, हा योगायोग मला फार आवडतो. त्या उन्हाळ्यात टोळीने सुमारे ५०० बुड्या मारल्या आणि ऑक्टोबरमध्ये द्यूमा ६० मीटरच्याही खाली जाऊन आला. १९४६ पासून हे यंत्र बाजारात विकायला आलं.

इथे गोष्ट संपली असती तर ती छान यशोगाथा झाली असती. पण मला जे सांगायचंय ते पुढेच आहे.

युद्धानंतर तुलाँला नौदलाचा पाणबुड्यांचा संशोधन गट स्थापन झाला. तायिये, कूस्तो, द्यूमा आणि मोरीस फार्गसारखे निष्णात लोक त्यात होते. २७ ऑगस्ट १९४६ रोजी कूस्तो आणि द्यूमा आव्हीन्याँ शहराजवळच्या फोंतेन द वोक्ल्यूझ ह्या अंधाऱ्या झऱ्याच्या गुहेत उतरले. दोरीचं टोक वर फार्गच्या हातात. खाली जाताच दोघांचं डोकं चालेना. का आलोय, काय करायचंय, काही आठवेना. द्यूमा जवळजवळ बेशुद्ध. कूस्तो त्याला घेऊन दोरी धरून वर चढू लागला, तर फार्गला वाटलं ह्यांना आणखी दोरी हवी आहे. तो सोडत राहिला! शेवटी काहीतरी बिनसलंय हे ओळखून त्यानेच दोरी ओढायला सुरुवात केली आणि दोघे वाचले.

नंतर सिलिंडरमधली हवा तपासली. नव्या कोऱ्या कॉम्प्रेसरने हवा भरताना स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढला होता. कार्बन मोनॉक्साइड! प्रमाण अगदी थोडं, पण ५० मीटरवर दाब सहा बार, म्हणजे विषाचा परिणामही सहापट. जगातला सर्वांत चांगला रेग्युलेटर पाठीवर होता, तो बनवणारा माणूस स्वतः तो वापरत होता आणि तरी मरण आलं ते हवा भरण्याच्या जागेवरून.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४७ मध्ये, ज्याने त्यांना ओढून काढलं तो फार्ग खोलीची मर्यादा शोधण्यासाठी १२० मीटरपर्यंत गेला. खाली बांधलेल्या फळीवर त्याने सही केली, पण वर आणलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता आणि शुद्धीवर आलाच नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत उभा होतो. ज्याच्या हातात आपला जीव होता, त्याचा जीव आपण वाचवू शकलो नाही, हे कूस्तोने कसं सोसलं असेल? त्यानंतर त्यांनी साध्या हवेवरच्या बुडीला ९० मीटरची हद्द ठरवली. आज हौशी लोकांसाठी ती ४० मीटर आहे. हे आकडे कोणी खुर्चीत बसून ठरवलेले नाहीत, मित्रांनो.

कूस्तोच्या पुढच्या आयुष्याची कहाणी जगाला ठाऊक आहे. १९५० साली त्याला जहाज हवं होतं आणि पैसे नव्हते. लोएल गिनेस ह्या ब्रिटिश धनिकाने सुरुंग काढणारं एक जुनं जहाज विकत घेऊन त्याला दिलं. भाडं वर्षाला एक फ्रँक! तेच प्रसिद्ध 'कॅलिप्सो'. ते सज्ज करायला सिमोनने आपले दागिने विकले आणि नंतर वर्षानुवर्षं ती त्या जहाजावरच राहिली. १९५६ मध्ये लुई मालबरोबर केलेल्या 'द सायलेंट वर्ल्ड' चित्रपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पाठोपाठ ऑस्करही. त्याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी सुरुंगाचा स्फोट केलेला आणि शार्क मारलेले दिसतात. आज ते बघवत नाही. पण हाच माणूस १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याविरुद्ध उभा राहिला आणि त्याने १९७३ मध्ये समुद्ररक्षणासाठी संस्था काढली. १९७९ मध्ये धाकटा मुलगा फिलिप विमान अपघातात गेला, १९९० मध्ये सिमोन गेली, १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात धडक बसून कॅलिप्सो बुडालं. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये कूस्तोनेही शेवटचा श्वास घेतला.

आता आपला हिशोब. कूस्तोच्या आयुष्यातून मी काढलेली यादी अशी :

पहिला खर्च प्रशिक्षणाचा. सामान नंतर. पोहणं येत नसेल तर त्याच्याही आधी पोहणं.

दुसरा खर्च मास्क, स्नॉर्केल आणि फिन्सचा. हे अंगाच्या मापाचं असतं, म्हणून स्वतःचं असावं. आपल्याकडच्या गरम पाण्यात पूर्ण पाऊल आत जाणाऱ्या साध्या फिन्स पुरतात. मास्क चेहऱ्यावर बसत असेल आणि रबर टणक झालेलं नसेल तर सेकंड हॅण्डही चालेल. इथे काटकसर करा, खुशाल करा.

रेग्युलेटर, हवेचं जॅकेट, सिलिंडर आणि शिशाची वजनं भाड्याने. कॅलिप्सोसुद्धा भाड्याचंच होतं, त्यात कमीपणा कसला? वर्षातून चार बुड्या मारणाऱ्याने रेग्युलेटर घेतला तर किमतीइतकाच त्याच्या नियमित सर्व्हिसिंगचा खर्चही मागे लागतो. पुढेमागे घ्यायचाच झाला तर ज्याचे सुटे भाग आणि सर्व्हिसिंग आपल्या आवाक्यातल्या शहरात मिळतं, तोच घ्या. जुना मिळाला तर सर्व्हिसची नोंद बघा. नोंद नसेल तर तो कितीही स्वस्त असो, तो महागच. आणि घरी खोलून बसू नका. आपण इंजिनिअर होणार आहोत हे खरं, पण ओ-रिंग बदलायलाही शिक्षण लागतं.

भाड्याच्या ठिकाणी प्रश्न विचारायला लाजू नका. सिलिंडरची दाब-चाचणी कधी झाली? साधारण दर पाच वर्षांनी ती करतात आणि तारीख नळकांड्यावर कोरलेली असते. कॉम्प्रेसर हवा कुठून ओढतो? जवळ इंजिन आहे का? हवेला वास येतोय का? वास आला तर पैसे बुडाले तरी चालतील, बुडी रद्द. मात्र कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून नाकाइतकंच त्या जागेच्या शिस्तीकडेही बघा.

आणि शेवटी थोडं गणित. ११ लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं की साधारण २२०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असेल तर २० मीटरवर तिप्पट, म्हणजे ६० लिटर. ५० बार राखीव ठेवायचे, म्हणजे वापरायला उरले १६५० लिटर. भागाकार करा, साडेसत्तावीस मिनिटं. घाबरून धापा टाकल्या तर त्याच्याही निम्मी. शांत श्वास घ्यायला शिकणं हे सगळ्यात स्वस्त गिअर आहे, ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.

कूस्तो पाइपचा तुकडा तोंडात धरून पोहला, जुन्या कॅमेऱ्यावर सिनेमा काढला, एक फ्रँक भाड्याच्या जहाजावर जग फिरला. पण श्वासाच्या बाबतीत केलेलं प्रत्येक जुगाड त्याच्या अंगाशी आलं आणि १५ सेंटीमीटरचा फरक दुरुस्त होईपर्यंत तो थांबला तेव्हाच यंत्र उभं राहिलं. तेव्हा दोस्तांनो, पैसे कमी असतील तर बुड्या कमी मारा. हवेत मात्र काटछाट नको.